खाममूनच्या बाजूची काच

च्यांगमाईच्या डोंगरांतल्या आमच्या बान होई रिनमध्ये सेंगदाच्या पिकअपला कुणी गाडी म्हणत नाही. "बाजार आला का?" असंच विचारतात. मागच्या हौदावर लोखंडी सांगाडा, त्याला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या, आणि पिशव्यांमधून मोहरीचा पाला, गवती चहा, वांगी, सुकी मासळी, अंडी, असं काय काय. पहाटे सेंगदा खाली मे चेमच्या ठोक बाजारात माल भरते आणि दिवसभर डोंगरावरची गावं करते. गावाच्या तोंडाशी माझं शेवयांचं दुकान आहे. मोड आलेले मूग आणि पाला मी तिच्याकडूनच घेते, म्हणून तिचा पहिला थांबा माझ्याकडे. मूग मोजून देता देता ती बोलते आणि मी रस्सा ढवळता ढवळता ऐकते.

पूर्वी ती एकटी यायची. मग एका वर्षी शेजारच्या सीटवर तिचा नवरा खाममून दिसायला लागला.

खाममून हा आमच्याकडचा वणवा विझवणारा माणूस. नोकरी नव्हे, गावाचं काम. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर पेटतात. मक्याची ताटं जाळायची म्हणून कुणी काडी लावतो, कुणी अळंबी यावीत म्हणून पाचोळा पेटवतो, वारा सुटला की आग कुणाची राहत नाही. तेव्हा लांब दांड्याची दाताळी घेऊन पोरंसोरं, बाप्ये वर चढायचे आणि आग पुढे सरकू नये म्हणून पाचोळा ओढून जाळरेषा काढायचे. खाममून त्यांचा म्होरक्या. तोंडाला ओला पंचा बांधायचा, बाकी काही नाही. लग्न झालं त्या वर्षीही एप्रिलातल्या नव्या वर्षाच्या सणाला तो डोंगरावरच होता, असं सेंगदा सांगते. तो खाली यायचा तेव्हा कोळशाच्या भट्टीतून काढल्यासारखा दिसायचा, आणि माझ्याकडे बसून दोन वाडगे शेवया खायचा. घसा खाकरला की काळं पडायचं. आम्ही हसायचो. "काका, आत चूल पेटलीय का?" असं पोरं विचारायची.

पन्नाशी ओलांडली तशी ती चूल विझेना. चार पायऱ्या चढला की खांबाला धरून उभा राहायचा. चोम थोंगच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, औषधाचा फवारा दिला आणि सांगितलं की धुरात राहायचं नाही.

आता फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या खोऱ्यात धुरात राहायचं नाही म्हणजे राहायचं कुठे? समोरचा डोंगर दिसत नाही, सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा लटकलेला असतो. त्यांचं घर सागवानी फळ्यांचं, खांबांवर उभं. फळ्याफळ्यांतून वारा खेळतो. अशी घरं हवेशीर म्हणून आमचे बापजादे बांधत आले, आणि आता तीच हवा वैरी झाली. आरोग्य केंद्रात एक खोली फटी बुजवून, हवा गाळायचं यंत्र लावून ठेवलीय खरी, पण तिथे तान्ही पोरं आणि म्हाताऱ्या बायका. खाममून एकदा जाऊन बसला आणि परत आला. म्हणाला, "सगळ्या बाया माझ्याकडे असं बघत होत्या, जसा मी त्यांच्या पोरांची हवा खातोय."

मग सेंगदाच्या डोक्यात आलं, की घट्ट बंद होणारी एकच खोली आपल्याकडे आहे, आणि तिला चाकं आहेत. पिकअपच्या काचा लावल्या, एसी लावला, आतलीच हवा आत फिरवणारं बटण दाबलं, की तासाभरात खाममूनचा श्वास सुरळीत व्हायचा. ओठांचा निळेपणा जायचा. तेव्हापासून धुराचे महिने तो तिच्या शेजारी बसून काढायला लागला. सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. ती उतरून भाजी विकायची तेव्हाही इंजिन चालू. डिझेल किती जातं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू तुझा रस्सा बघ."

खाममूनला मात्र त्या खोलीत एकच गोष्ट सलायची. माणूस समोर आला आणि आपण काचेआड, हे त्याला पटत नसे. कुणी खिडकीशी आलं की तो बटण दाबून काच चार बोटं खाली घ्यायचा, दोन शब्द बोलायचा, परत वर करायचा. सेंगदा डाफरायची. "धूर आत येतो ना." तो म्हणायचा, "सिंगकेव आलाय. काय काचेवर टकटक करून बोलू त्याच्याशी? मी काय मत्स्यालयातला मासा आहे?"

सिंगकेव म्हणजे त्याचा जोडीदार, जाळरेषेवर कायम त्याच्या मागे दाताळं घेऊन चालणारा. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी वरच्या वाडीत तो खिडकीशी आला. खाममूनने काच खाली घेतली, दोघं बोलले. मग त्याने बटण वर ओढलं तर दारातून कडकड आवाज आला, कुणी सुकं हाड मोडावं तसा, आणि काच धाडकन दाराच्या पोटात पडली. बटण दाबलं की आत मोटर गुरगुरायची, पण काच येईना. सिंगकेवने फटीत बोटं घालून पाहिली, हाताला टोक लागेना.

सेंगदाने भाजीच्या पिशव्या फाडून, चिकटपट्टी लावून खिडकी झाकली. उतारावर वाऱ्याने ती शिडासारखी फुगली आणि सुटली. खाममून खोकत खोकत घरी पोचला, त्या रात्री झोपला नाही, आणि उजाडताच ती भाजी न भरता सोमफेत मिस्त्रीच्या दारात उभी राहिली. त्या दिवशी मला मूग मिळाले नाहीत, म्हणून दुपारी मीही तिकडे गेले.

सोमफेत तिच्याहून धाकटा, मोटारसायकली दुरुस्त करणारा, पण अडीनडीला सगळंच उघडतो. त्याने दाराच्या आतल्या पॅडचे स्क्रू काढले, पेचकसाला फडकं गुंडाळून पॅड उचकटलं, मागचा प्लास्टिकचा कागद सोलला आणि बॅटरीचा झोत आत मारला.

"ताई, मोटर जिवंत आहे. तार गेलीय."

काच वर-खाली करणारी बारीक पोलादी तार पिंजारून पक्ष्याच्या घरट्यासारखी गोळा झाली होती, आणि काच धरणारी प्लास्टिकची पकड तुटून खाली पडली होती. त्याने शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून दिला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की तार सुटी मिळत नाही, मोटरसकट सगळा संच घ्यावा लागेल, आणि तो मागवावा लागेल. तिने आकडा सांगितला तेव्हा सेंगदाने फोन सोमफेतच्या हातात परत दिला.

"एका तारेसाठी सगळं?" ती म्हणाली.

"नव्या गाड्यांचं असंच असतं."

"ही नवी आहे होय?"

सोमफेत हसला. मग त्याने मोटारसायकलच्या क्लचची तार आणली, मापाने कापली, टोकाला शिशाचा थेंब लावला आणि फिरकीवर गुंडाळली. पकड त्याने जाड प्लास्टिकच्या तुकड्यातून कोरली. पार दुपार गेली. शेवटी बटण दाबलं तर काच कुरकुरत वर आली आणि वरच्या रबरात जाऊन बसली. सेंगदाने तळवा काचेवर टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"जास्त खालीवर करू नका," सोमफेतने खाममूनला बजावलं. "ही तार या कामाची नाही."

"करत नाही," खाममून म्हणाला.

आणि त्याने खरंच केली नाही. पण डोंगरातला रस्ता, खड्डे, दाराची आपटाआपट. आठवडाभरात ती तारही तुटली, तीही खोऱ्यात सगळ्यात दाट धूर होता त्या दिवशी. माझ्या दुकानासमोरच. मी पळत गेले. काच अर्ध्यावर तिरकी अडकली होती आणि सेंगदा ती दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. खाममून पंचा तोंडाला लावून पुढे वाकला होता. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या.

"धर," ती मला म्हणाली. मी काच धरली. ती मागे जाऊन भाजीच्या खोक्याची फळकुटं घेऊन आली, कोयत्याने एक पाचर तासली, आणि काच न् रबराच्या मधे ठोकली. मग दुसरी. रडत नव्हती. पाचर ठोकताना दात मात्र असे आवळले होते की मला वाटलं दातच तुटतील.

सोमफेतने नंतर तेच काम नीट केलं. पॅड काढून आतून लाकडाचा ठोकळा उभा केला, काच त्यावर बसवली, वरून फटीला रबर. "आता ही हलायची नाही, ताई. फुकटात झालं." पैसे घेतले नाहीत त्याने. सेंगदाला तर हेच हवं होतं. बंद म्हणजे बंद.

पण खाममून गप्प झाला. काचेआडून तो लोकांकडे बघून मान हलवायचा. बाहेरचं त्याला ऐकू येत नसे, एसीचा आवाज असायचा. लोक एकदा वाकून बघत, हात करत आणि भाजीकडे वळत. मी वाडग्यात रस्सा घालून खिडकीशी न्यायचे तर वाडगा सेंगदाच्या बाजूने फिरवून द्यावा लागायचा, आणि तोवर तिकडचं दार उघडं. ती म्हणायची, "लवकर, लवकर." मग मी न्यायचं सोडलं.

असाच एकदा सिंगकेव आला. डोंगरावरून सरळ उतरला होता, भुवया जळलेल्या. बाहेरून काहीतरी सांगत होता. खाममूनने कानाला हात लावला. सिंगकेव मोठ्याने बोलला. खाममूनने मान हलवली, कळत नाही म्हणून. मग एकाएकी त्याने कडी ओढून अख्खं दार उघडलं आणि पाय खाली सोडून बसला.

"काय म्हणतोस?"

"फा मोनच्या उतारावरचा मोठा सागवान गेला," सिंगकेव म्हणाला. "आपण ज्याच्याखाली जेवायचो तो. रेषा तोडून आग आली. माणसं कमी पडली."

"कितीजण होतात?"

"पाच. तीही म्हातारी."

दोघं तसेच बसले, दार सताड उघडं ठेवून. सेंगदा मागे सुकी मासळी तोलत होती, तिला कळेपर्यंत वेळ गेला. त्या संध्याकाळी त्याला चोम थोंगला न्यावं लागलं. नाकात नळ्या घालून चार दिवस ठेवलं.

परत आल्यावर सेंगदा मला म्हणाली, "काच बंद ठेवली तर दार उघडतो. दाराला कुलूप लावू का आता? नवरा आहे, कोंबडा नव्हे."

"मग?"

"उघडणारी काच पाहिजे. थोडीशी उघडणारी."

ती च्यांगमाईच्या अलीकडे लेंग शेठच्या भंगारात गेली. मीही सोबत होते, दुकान बंद ठेवून. लेंग शेठ चिनी म्हातारा, बनियनवर, खुर्चीतून न उठता बोटाने रांगा दाखवणारा. आदळलेल्या, उलटलेल्या, पुरात बुडालेल्या पिकअप एकीवर एक रचलेल्या. तिच्या गाडीची जुळी आम्हाला सापडली. पुढचा भाग चेपून गेलेला, पण डावं दार शाबूत. आत पाहिलं तर बटण नाही, हाताने फिरवायची मूठ.

"ही साधी गाडी आहे, शेठ. मला बटणाची पाहिजे."

"बटणाची आली की उभ्या उभ्या जाते. ही कुणी नेत नाही, म्हणून स्वस्त." शेठने पान थुंकलं. "भोकं तीच आहेत. बोल्ट तेच. तुमच्या दारात बसेल. मोटर नाही, तार नाही, बिघडायला काही नाहीच. बाई, माझ्या बापाच्या गाडीला हीच होती. बाप गेला, मूठ अजून फिरते."

सेंगदाने मूठ फिरवून पाहिली. काच सरसर खाली गेली, सरसर वर आली. तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. तिथेच उन्हात बसून आम्ही दोघींनी दार उघडून ती कैचीसारखी यंत्रणा काढली. माझं बोट कापलं. येताना तिने मला वाटेत चिकट भात आणि भाजलेलं कोंबडं खाऊ घातलं, आणि ती स्वतःही जेवली.

शेठ म्हणाला ते खरं होतं. यंत्रणा चपखल बसली. पॅडला मुठीसाठी भोक पाडावं लागलं, ते सोमफेतने तापवलेल्या सळईने पाडलं. काच आवाज न करता चढली, उतरली. सोमफेत खूश, मी खूश.

"बसा दाजी," सोमफेत म्हणाला. "आता तुमच्या मर्जीची काच."

खाममून बसला. मूठ धरली. अर्धा फेरा झाला. त्याने दम घेतला. आणखी अर्धा. काच एक बोटभर खाली आली असेल. तिसऱ्यांदा त्याने खांद्यातून जोर लावला आणि हात तसाच मुठीवर ठेवून तो मागे टेकला. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली. बटणाला एक बोट पुरत होतं. मुठीला श्वास लागतो, आणि त्याच्याकडे तोच नव्हता. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमफेत पेचकस पुसत राहिला.

"चांगली झालीय," खाममून थोड्या वेळाने म्हणाला. "सरावाने जमेल."

जमलं नाही. पहिले काही दिवस कुणी आलं की सेंगदा हातातलं टाकून आत चढायची, त्याच्या मांडीवरून पलीकडे वाकायची आणि मूठ फिरवून द्यायची. बोलणं झालं की परत वाकून वर करायची. माणसं संकोचायची. बोलायचं असलं तरी "राहू दे, राहू दे" करायची. मग एक दिवस माझ्या दुकानासमोर मी खिडकीशी गेले, सेंगदा वाकली, तर त्याने तिचा हात धरला.

"राहू दे. बंदच बरी."

"अहो, तुमच्यासाठीच तर बसवली."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतोय, दमलीस."

त्यानंतर ती मूठ कुणी फिरवली नाही. आत तो, बाहेर आम्ही. कधी कधी तो मला बघून काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारायचा. मी हात हलवायचे.

पण धुराचे दिवस पार पडले, हे सांगायलाच हवं. सेंगदाने त्याला धुरातून बाहेर काढला. नव्या वर्षाचं पाणी खेळून झालं, मे उजाडला, वळवाने डोंगर धुऊन काढले आणि फा मोनचा कडा पुन्हा जागेवर दिसायला लागला. हवा अशी, की आपणहून छाती भरून घ्यावी. सेंगदा म्हणाली, "सुटलो बाई. आता नऊ महिने निवांत." त्याला घरी ओसरीवर बसवून ती एकटीच फेरीला यायला लागली.

जूनमध्ये, भाताची रोपं टाकायच्या दिवसांत, तो गेला. सकाळची वेळ होती. ओसरीत बसून बांबूची टोपली विणत होता, ती खाली गाडीत माल लावत होती. त्याने हाक मारली नाही, की मारली आणि ऐकू आली नाही, हे तिला माहीत नाही. वर गेली तेव्हा तो भिंतीला टेकून होता. हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या खोऱ्यातल्या देवळाचा कळस दिसत होता.

डॉक्टरांना तिने विचारलं, आता तर धूर नव्हता, मग कसं? त्यांनी समजावलं की या वर्षीच्या धुराचा तेवढा प्रश्न नव्हता. फुप्फुसं कधीच गेली होती, डोंगरावरच्या त्या सगळ्या वर्षांत. या वर्षी नुसतं टिकवलं.

"म्हणजे काच दुरुस्त केली नसती तरी?" तिने विचारलं.

डॉक्टर बाई तरुण होती. तिला काचेचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही जे केलंत ते चांगलंच केलंत, मावशी."

सेंगदाने हे मला सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. मूग तोलत होती. "चांगलंच केलंत म्हणे," एवढंच म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारली.

सेंगदाची मुलगी दूर रयोंगच्या कारखान्यात आहे. ती म्हणते, आई, विकून टाक सगळं, इकडे ये. सेंगदा गेली होती, पंधरा दिवसांत परत आली. तिथे तिला कुणी ओळखत नाही आणि जिन्याचं दार बंद केलं की दुसऱ्या माणसाचा आवाज येत नाही, म्हणाली. आता ती बोलते कमी. पूर्वी भाव करताना गिऱ्हाइकांना टोमणे मारायची, बाया खास ते ऐकायला यायच्या. आता सांगितलेल्या भावाला देते, कुणी पाडून मागितला तर तसाही देते.

यंदा फेब्रुवारीतच डोंगर पुसट झाले. सरपंचाने भोंग्यावरून जाळरेषेसाठी माणसं मागितली. गावातली तरणी पोरं शहरात, उरलेल्यांची नावं हाताच्या बोटांवर. सिंगकेव चौसष्टचा आहे. सकाळी तो दाताळं खांद्यावर टाकून माझ्या दुकानाशी आला तेव्हा सेंगदाची गाडी उभी होती. तिने न मागता त्याला चिकट भाताची पुरचुंडी, मिरचीचा ठेचा आणि डुकराची तळलेली चामडी बांधून दिली.

"जाऊ नको, सिंगकेव," ती म्हणाली.

"मग कोण जाईल, वहिनी?"

"कुणी नको जायला. जळू दे."

त्याने पुरचुंडी झोळीत टाकली. "जळू दे म्हणून गप्प बसली असती आग, तर बसलो असतो." मग तो घसा खाकरला आणि, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेला थुंकला. काय पडलं ते त्याने चपलेने मातीत घासून टाकलं.

"खोकला कधीपासून आहे?" सेंगदाने विचारलं.

"खोकला कुठे आहे? सकाळचा घसा आहे."

तो चढणीला लागला. सेंगदा त्याच्याकडे बघत उभी राहिली, पहिल्या वळणाशी तो धुरात दिसेनासा झाला तरी. मग तिने माझे मूग दिले, पैसे घेतले, आणि गाडी सुरू करून वरच्या वाडीकडे निघून गेली.